कोठावळ्याच्या भुताला आग का लागली नाही: एका लढाईचा पूर्ण हिशोब

"२२ झाले, त्यातले १० गेले, १२ लिही." खेळात भुताला लागलेल्या घावाचा हिशोब चालला होता, आणि दादाने स्वतःच्या वहीत १२ लिहून पण टाकले होते. मी म्हटलं १२ नाही, ७. त्यावर टेबलावर जी शांतता पसरली तिच्यातून पुढचे दोन रविवार वाद चालला, आणि तो वाद पूर्ण लिहून काढावा असं मला तेव्हापासून वाटतंय, कारण भुतांच्या डॅमेजचे, म्हणजे घावाने होणाऱ्या नुकसानीचे, नियम जेवढ्या ठिकाणी अडकतात ना, त्यातल्या बहुतेक सगळ्या जागा या एका लढाईत आल्या.

आधी टेबल कसं होतं ते सांगते. गेम पाथफाइंडर सेकंड एडिशन, म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती फाशांनी खेळायची गोष्ट, आणि जीएम, म्हणजे गोष्ट चालवून निकाल देणारी, मी. दादाचा फायटर, हातात +१ स्ट्रायकिंग लाँगसोर्ड (नेमाला १ जास्त, डॅमेजला फासे दोन) आणि त्यावर फ्लेमिंग रून, म्हणजे हत्यारावर कोरलेलं जादूचं चिन्ह, ज्याने तलवारीच्या प्रत्येक घावाबरोबर १डी६, म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशाएवढं, आगीचं डॅमेज वेगळं. धाकट्या भावाचा रोग, म्हणजे लपूनछपून वर्मी वार करणारा चोरटा, त्याच्याकडे +१ स्ट्रायकिंग रेपियर, म्हणजे पातळ टोकदार तलवार, आणि त्यावर घोस्ट टच, देह नसलेल्या भुतालाही शिवणारी रून. वहिनींची अल्केमिस्ट, बाटल्या फेकणारी. आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची क्लेरिक, देवाच्या नावाने मंत्र टाकणारी. सगळे आठव्या लेव्हलला.

समोर कोठावळा. जुन्या नगराच्या धान्यकोठाराचा रखवालदार, दुष्काळात मालकाच्या हुकमाने कोठाराला कुलूप घालून बसला, लोक बाहेर मेले आणि शेवटी हाही आतच मेला. तेव्हापासून कोठार सोडून जात नाही. हे भूत पुस्तकातलं नव्हतं, मीच बनवलेलं, नवव्या लेव्हलचं, १२० हिट पॉइंट, आणि जी ओळ महत्त्वाची ती ही: सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स (डॅमेजमधून वजा होणारा आकडा) १०, अपवाद फोर्स (निव्वळ जादूच्या बळाचं डॅमेज), घोस्ट टच आणि व्हायटॅलिटी (जीवनशक्तीचं डॅमेज), आणि जे जादूचं नाही त्याला रेझिस्टन्स दुप्पट, म्हणजे २०. शिवाय प्रिसिजन डॅमेजला, म्हणजे नेमक्या वर्मावर मारल्याच्या जादा डॅमेजला, पूर्ण इम्युनिटी, ते लागतच नाही. या गेममधली देह नसलेली बहुतेक भुतं याच साच्यातली असतात, आकडा तेवढा लेव्हलप्रमाणे कमीजास्त.

ही एक ओळ वाचायला सोपी वाटते पण तिच्यात चार वेगवेगळे नियम एकमेकांत गुंतलेत, आणि आमच्या चारपैकी तीन खेळाडूंना त्यातला एकेक नियम नडला.

पहिला घाव

दादाचा घाव लागला. २डी८ वर १० पडले, त्यात स्ट्रेंग्थचे ४ आणि वेपन स्पेशलायझेशनचे ३, म्हणजे १७ स्लॅशिंग, कापणारं डॅमेज. आगीच्या फाशावर ५. दादाने बेरीज केली २२ आणि त्यातून १० वजा. कुणीही असंच करेल, कारण आपण डॅमेज एका आकड्यात सांगतो, "बावीस लागले" असंच म्हणतो.

पण सेकंड एडिशनचा नियम इथे अगदी स्पष्ट आहे. "सगळ्या डॅमेजला" रेझिस्टन्स असेल तर तो प्रत्येक प्रकाराला वेगवेगळा लावायचा. नियमांच्या पुस्तकातच उदाहरण दिलंय, ७ स्लॅशिंग आणि ४ आग असा घाव आहे आणि रेझिस्टन्स ५, तर स्लॅशिंगचे उरतात २ आणि आगीचे शून्य. म्हणजे दादाच्या १७ मधून १० गेले, ७ उरले, आणि ५ आगीतून पण १० गेले, तिथे काही उरलंच नाही. एका घावावर रेझिस्टन्स दोनदा बसला.

"अगं पण मग माझी आग गेली कुठे? पाचशे सोन्याची रून आहे ती!"

बरोबर आहे त्याचं, फ्लेमिंग रून ५०० सोन्याच्या नाण्यांची, आणि १डी६ चा जास्तीत जास्त आकडा ६. रेझिस्टन्स १० असेल तर साध्या घावातून त्या रूनचं डॅमेज कधीच, कुठल्याही फाशाला, भुतापर्यंत पोचत नाही. क्रिट, म्हणजे दुप्पट डॅमेजचा अचूक घाव, झाला आणि आग दुप्पट झाली तरी जास्तीत जास्त १२, म्हणजे सहा पडला तर दोन आत जाणार, बाकी वेळेला शून्य. क्रिटला फ्लेमिंग रून वरून १डी१० पर्सिस्टंट आग पण लावते, म्हणजे भुताच्या टर्नच्या शेवटी जळत राहणारी, तर तिला पण प्रत्येक वेळेला रेझिस्टन्स लागतोच, १डी१० मधून १० वजा, उत्तर कायम शून्य. मला स्वतःला हे टेबलावर सांगताना वाईट वाटत होतं.

दादाचा गोंधळ कुठून आला तेही समजून घ्यायला हवं, कारण ती त्याची चूक म्हणता येणार नाही. तो बरीच वर्षं डी अँड डी फिफ्थ एडिशन खेळलाय. तिथे २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधलं भूत बघा: तलवारीसारख्या हत्यारांच्या डॅमेजला रेझिस्टन्स आहे पण फक्त हत्यार जादूचं नसेल तर, आणि आग, अ‍ॅसिड, वीज, थंडर यांना वेगळा रेझिस्टन्स. तिथे रेझिस्टन्स म्हणजे निम्मं. त्यामुळे तिथल्या जळत्या जादूच्या तलवारीचं पोलाद पूर्ण लागतं आणि आग निम्मी लागते. त्याच्या डोक्यात हेच बसलेलं की तलवार जादूची आहे ना, मग झालं. (नवीन मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये जादूचं हत्यार आणि साधं हत्यार हा फरकच काढून टाकलाय, त्यामुळे तिथेही आता हा हिशोब बदलला.) आणि त्याहून जुनं म्हणजे २००३ च्या साडेतीन एडिशनमध्ये तर वजाबाकी नाही आणि निम्मंही नाही, जादूच्या तलवारीने मारलं तरी ५० टक्के शक्यता की घाव आरपार गेला आणि काहीच झालं नाही. पाथफाइंडरच्या पहिल्या एडिशनने, २००९ साली, ते फासे काढून सरळ निम्मं केलं. २०१९ ला सेकंड एडिशन आली आणि ठरावीक आकड्याची वजाबाकी आली. चार गेम, चार गणितं, आणि भूत दिसायला तेच, म्हणून माणूस एका गेमची सवय दुसऱ्यात घेऊन जातो.

धाकट्याची रेपियर

धाकटा खुशीत होता. घोस्ट टच त्याने मुद्दाम घेतलं होतं, फक्त ७५ सोन्याचं, आणि कोठावळ्याच्या मागे जाऊन, दादा पुढे आणि हा मागे असं फ्लँक करून, त्याने मारलं. २डी६ वर ८, डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) ४, स्पेशलायझेशनचे २, एकूण १४ पिअर्सिंग (भोसकणारं), सगळे लागले, रेझिस्टन्स शून्य. मग त्याने स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध शत्रूच्या वर्मी लागणाऱ्या प्रिसिजनचे, २डी६ उचलले आणि मी म्हटलं ते ठेव खाली.

"अगं ताई, घोस्ट टच आहे! घोस्ट टच असेल तर स्नीक अटॅक लागतो!"

लागायचा, पण पहिल्या एडिशनमध्ये. तिथे देह नसलेल्या जीवावर क्रिट आणि प्रिसिजन दोन्ही चालत नसत, घोस्ट टचचं हत्यार असेल तरच चालत. म्हणजे तिथे ती रून घेतली की रोगला सगळंच परत मिळायचं. सेकंड एडिशनमध्ये या दोन गोष्टी तोडून वेगळ्या केल्यात आणि हे नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. क्रिट आता भुताला लागतो, कुणाचाही, कुठल्याही हत्याराचा. प्रिसिजन मात्र इम्युनिटीच्या यादीत आहे, आणि घोस्ट टचचा अपवाद रेझिस्टन्सच्या ओळीत लिहिलाय, इम्युनिटीच्या नाही. ज्या ओळीत अपवाद लिहिलाय त्याच ओळीला तो लागू. विचार केला तर पटतं पण, घोस्ट टचमुळे पातं भुताला लागेल, पण ज्याला काळीज नाही, नस नाही, त्याच्या वर्मावर कुठे मारणार?

तो थोडा खट्टू झाला, पण त्या फेरीत सगळ्यात जास्त डॅमेज हत्याराने त्याचंच होतं. दादाचे ७ आणि याचे १४. रेपियरला डेडली डी८ आहे, क्रिटला एक जादा फासा, तो प्रिसिजन नाही त्यामुळे तो भुतावर चालतो, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

वहिनींच्या बाटल्या

ही सगळ्यात कठीण जागा होती, कारण वहिनी नवीन खेळाडू, आणि त्या दिवशी तयारी करून आल्या होत्या, अल्केमिस्ट्स फायरच्या मध्यम दर्जाच्या बाटल्या मोजून कागदावर लिहून. पहिली फेकली, लागली. २डी८ वर ११, स्प्लॅशचे, म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांचे, २. ज्याला बाटली लागली त्याच्यासाठी स्प्लॅश आधी मूळ डॅमेजमध्ये मिळवायचा आणि मग रेझिस्टन्स लावायचा असा नियम आहे, म्हणजे निदान तिथे दोनदा वजाबाकी नाही, १३ आग. १३ मधून १० गेले, ३ लागले असं त्या म्हणाल्या.

मला सांगावं लागलं की वहिनी, १० नाही, २० जातात तुमच्या. अल्केमी जादू नाही. या गेममध्ये ते फार ठाम आहे, रसायन म्हणजे रसायन, त्याला जादूचा गंधही नसतो, आणि म्हणून तुमची बाटली "जे जादूचं नाही" त्या दुप्पट खात्यात. २डी८ आणि २ म्हणजे बाटलीची स्वतःची कमाल १८. क्रिट सोडला तर त्या बाटलीने कोठावळ्याला ओरखडा पण येणार नव्हता, आणि स्प्लॅश वाढवणारा फीट, म्हणजे पात्रासाठी निवडून घ्यायचं कसब, त्यांनी घेतलेला नव्हता. आणि मागे जळत राहणारी २ पर्सिस्टंट आग, तिचंही तेच.

एखाद्या खेळाडूला संपूर्ण लढाईभर शून्य सांगत बसायचं हे जीएम म्हणून मला अजिबात आवडत नाही. नियम असा का आहे ते मला कळतं, भूत हे साध्या जगाच्या पलीकडचं, त्याला साध्या जगातल्या वस्तूंनी त्रास होऊ नये ही भावना बरोबरच आहे. पण अल्केमिस्टचा सगळा संसारच साध्या जगातल्या वस्तूंचा आहे. मी दोन गोष्टी केल्या. त्यांना पहिल्याच फेरीत, लपवून न ठेवता, सांगितलं की बाटली त्याच्या अंगातून जाते आणि ज्वाळा त्याला न शिवता मागच्या भिंतीवर पसरतात, म्हणजे हे चालत नाही हे पात्राला पण दिसलं. आणि पुढच्या फेरीपासून त्या एलिक्झर, म्हणजे बरं करणारी औषधं, पाजायला लागल्या, दादाच्या फायटरला दोनदा त्यांनीच उभं ठेवलं. एलिक्झर पिणारा जिवंत आहे, तिथे भुताचा रेझिस्टन्स मध्ये येत नाही.

क्लेरिकचं सरळ होतं. हील स्पेल भुतावर, चौथ्या रँकचा, ४डी८ व्हायटॅलिटी डॅमेज, १९ पडले, फॉर्टिट्यूड सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, कोठावळा चुकला, १९ च्या १९. व्हायटॅलिटी हे पूर्वीच्या पॉझिटिव्ह एनर्जीचं नवीन नाव, २०२३ च्या रीमास्टरनंतरचं. जुनी पुस्तकं वापरत असाल तर पॉझिटिव्ह वाचा, अर्थ तोच.

भिंतीतली चूक, माझी

तिसऱ्या फेरीत मी कोठावळ्याला भिंतीत घुसवलं आणि तिथूनच हात बाहेर काढून दादाला मारलं. दिसायला झकास. मैत्रिणीने तिथल्या तिथे आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या नियमांच्या साइटवर नियम उघडून दाखवला, मी चुकले होते. भूत वस्तूच्या आत असताना त्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेर हल्लाही करता येत नाही. आणि आतच असताना त्याचा टर्न सुरू झाला तर स्लोड १, म्हणजे तीनऐवजी दोनच अ‍ॅक्शन. मी घाव मागे घेतला, दादाचे हिट पॉइंट परत दिले.

हा नियम डॅमेजचा नाही असं वाटेल पण आहे, कारण यानेच ठरतं की तुम्हाला मारायला किती संधी मिळते. भिंतीतून सुरुवात केली की एक अ‍ॅक्शन बाहेर यायला, एक मारायला, संपलं, परत आत जायला अ‍ॅक्शन उरत नाही. म्हणजे एक पूर्ण फेरी ते उघड्यावर. हे लक्षात आल्यावर दादा आणि धाकटा भिंतीला चिकटून उभे राहिले आणि स्ट्राइक, म्हणजे हत्याराचा घाव, रेडी करून ठेवला, बाहेर आला की मार.

हत्यारांची अदलाबदल

चौथ्या फेरीत धाकट्याला कल्पना सुचली आणि सगळं टेबल त्यावर खूश झालं. "दादा, तलवार टाक, ही रेपियर घे." रेपियर तलवारींच्याच गटातली, दादाच्या फायटरची मास्टरी तलवारींमध्ये, म्हणजे त्याचा नेम धाकट्यापेक्षा २ ने चांगला. तलवार टाकायला फुकट, रेपियर द्यायला धाकट्याची एक अ‍ॅक्शन मी धरली. दादाने पुढचाच घाव क्रिट मारला, ३० च्या वर डॅमेज, टेबलावर आरडाओरडा.

रात्री सगळे गेल्यावर मी कागद घेऊन बसले, आणि मला धक्काच बसला. अदलाबदल तोट्याची होती.

बघा. आधीची स्थिती: दादा फ्लेमिंग तलवारीने सरासरी १६ स्लॅशिंग, वजा १०, उरले ६ च्या आसपास. धाकटा रेपियरने सरासरी १३, सगळे आत. दोघांचा एकेक घाव लागला तर १९. अदलाबदलीनंतर: दादा रेपियरने सरासरी १४, सगळे आत. धाकट्याच्या हातात काहीच नाही, आणि जमिनीवरची लाँगसोर्ड उचलली तरी ती फिनेस नाही, त्यात त्याची डेक्स्टेरिटी चालत नाही, वजाबाकीनंतर शून्याच्या आसपासच. म्हणजे १९ चे १४ झाले. दादाचा नेम चांगला म्हणून त्याचे क्रिट जास्त, ते मोजूनही मी वेगवेगळ्या शक्यता धरून पाहिल्या, तरी आधीचीच मांडणी पुढे राहते. तो एक क्रिट डोळ्यासमोर होता म्हणून आम्हाला कल्पना बरोबर वाटली.

मग दादाने करायला काय हवं होतं? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं. इथे रेझिस्टन्स ठरावीक आकड्याचा आहे, निम्म्याचा नाही, आणि तो दर घावाला, त्यातल्या प्रत्येक प्रकारावर एकेकदा बसतो. क्रिटमध्ये आधी दुप्पट, मग वजाबाकी, म्हणजे ३२ मधून १०, उरले २२, ६ च्या दुप्पट नाही तर जवळजवळ चौपट. तेव्हा लहान लहान दोन घावांपेक्षा मोठा एक घाव बरा. दादाकडे पॉवर अटॅक होता, रीमास्टरमध्ये त्याला व्हिशस स्विंग म्हणतात, दोन अ‍ॅक्शन खर्च करून एकच घाव पण एक फासा जास्त. ३डी८ आणि ७, सरासरी साडेवीस, वजा १०, साडेदहा. साध्या शत्रूवर हा फीट दोन सुट्या घावांच्या मागे पडतो, सगळे तेच सांगतात आणि ते खरं आहे. पण कोठावळ्यावर दोन सुट्या घावांतून दोनदा १० कापले जातात, त्यामुळे तिथे तो बरोबरीला येऊन थोडा पुढेच जातो. फिफ्थ एडिशनसारखं निम्मं असतं तर हा फरक पडला नसता, निम्मं हे मोठ्या घावाचं पण निम्मं आणि लहानाचं पण निम्मंच.

आणि रून. +१ हत्यारावर प्रॉपर्टी रून (आग, घोस्ट टच असा गुण देणारी) एकच बसते, तेव्हा त्या एका जागेत काय बसवायचं हा खरा प्रश्न. याच तलवारीवर, याच भुतावर, फ्लेमिंग असेल तर सरासरी ६. जुन्या पुस्तकातलं डिसरप्टिंग असेल, जे अनडेडना, म्हणजे मरूनही हिंडणाऱ्यांना, १डी६ पॉझिटिव्ह डॅमेज देतं, तर त्याचे सरासरी साडेतीन रेझिस्टन्सला न जुमानता आत, एकूण साडेनऊ. घोस्ट टच असेल तर १६. सगळ्यात स्वस्त रून सगळ्यात पुढे. अर्थात भुतं नसलेल्या महिनाभराच्या मोहिमेत तीच रून काही कामाची नाही, म्हणून दादाने फ्लेमिंग घेतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही.

कोठावळा सहाव्या फेरीत पडला. शेवटचा घाव क्लेरिकच्या हीलचा.

तो परत आला

भुताला रीज्युव्हिनेशन असतं. पाडलं तरी २डी४ दिवसांत त्याच जागी परत उभं, पूर्ण बरं होऊन, जोपर्यंत त्याचं अडलेलं काम कुणी मार्गी लावत नाही तोपर्यंत. पार्टीला हे माहीत होतं पण अडलेलं काम काय ते कळलं नव्हतं, ते पुढे निघून गेले, आणि दहाव्या लेव्हलला परत त्या नगरात आले. आता दादाची तलवार +२ झालेली, प्रॉपर्टी रूनच्या जागा दोन, आणि त्याने एका जागेत फ्लेमिंग ठेवून दुसऱ्यात घोस्ट टच बसवून आणलेलं. मुद्दाम कोठावळ्यासाठी.

पहिला घाव. २डी८ वर ९, स्ट्रेंग्थ आता ५, स्पेशलायझेशन ३, एकूण १७ स्लॅशिंग. आग ४. दादा म्हणाला २१, आणि या वेळेला वहिनी म्हणाल्या, १७.

वहिनींचं म्हणणं नीट मांडते, कारण ते कच्चं नव्हतं. त्या म्हणाल्या, गेल्या वेळी तूच शिकवलंस की प्रत्येक प्रकार वेगळा बघायचा. स्लॅशिंगला घोस्ट टच आहे, ते पूर्ण आत. आग ही आगच, ती घोस्ट टच नाही, तिच्यातून १० जायला हवेत. रून पोलादाला भुताला शिवायची ताकद देते, ज्वाळेला कुठे देते? आणि भुताच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या चौकटीत, तर नुसतं "घोस्ट टच वगळून" एवढंच लिहिलंय, काय वगळून ते सांगितलेलं नाही. प्रामाणिकपणे सांगते, दोन मिनिटं मला उत्तर सुचलं नाही.

मग आम्ही इन्कॉर्पोरिअल या ट्रेटचं (गुणधर्माचं) वर्णन काढलं, देह नसलेल्या जीवांचा जो मूळ नियम आहे तो. तिथे अपवाद थोडा जास्त शब्दांत लिहिलाय: फोर्स डॅमेज, आणि घोस्ट टच रून असलेल्या स्ट्राइकचं डॅमेज. फोर्स हा डॅमेजचा प्रकार आहे, म्हणून तिथे फक्त तेवढाच भाग सुटतो. पण दुसरा अपवाद प्रकाराचा नाहीच, तो स्ट्राइकचा आहे. स्ट्राइकचं जे काही डॅमेज असेल, स्लॅशिंग, आग, काहीही, ते सगळं त्यात येतं. ब्लॉकमधली ओळ ही त्याच वाक्याची आखूड केलेली आवृत्ती, तेव्हा आखूड ओळ कळेना झाली की लांब वाक्याकडे जायचं. मी निकाल दिला २१, आणि आजही तोच देईन.

वहिनींनी चांदीच्या हत्याराचं उदाहरण पण दिलं, की फिजिकल डॅमेजला रेझिस्टन्स, चांदी वगळून, तिथे चांदीमुळे आगीला काही मिळतं का? नाही मिळत, पण तिथे रेझिस्टन्सच फक्त फिजिकलला आहे, आगीला मुळात अडवणारं कुणी नाही, त्यामुळे ते उदाहरण आपल्या प्रश्नापर्यंत येत नाही.

मात्र तिसऱ्या फेरीत दादाला क्रिट पडला आणि पर्सिस्टंट आगीचा प्रश्न आला, तिथे मी वहिनींच्या बाजूने गेले. स्ट्राइकबरोबर लागलेली आग ही स्ट्राइकचं डॅमेज, पण पर्सिस्टंट डॅमेज ही एक कंडिशन आहे, स्ट्राइक ती मागे ठेवून जातो आणि तिचं डॅमेज नंतर, भुताच्या टर्नच्या शेवटी होतं, तेव्हा तलवार तिथे नसते पण. तिला रेझिस्टन्स १०. दादाला हे पटलं नाही, त्याच्या मते ज्या घावाने आग लावली त्याचीच ती आग. इथे दुसऱ्या जीएमने दुसरा निकाल दिला तर मी भांडणार नाही, पण एका टेबलावर एकदा ठरलं की पूर्ण मोहिमेत तेच ठेवायचं, आणि हे मी त्याच दिवशी आमच्या घरच्या नियमांच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

तेव्हापासून आमच्याकडे डॅमेज सांगायची पद्धत पण बदलली. "एकवीस" असं कुणी म्हणत नाही. "सतरा स्लॅशिंग, चार आग, घोस्ट टच आहे, जादूचं आहे." ऐकायला लांबलचक वाटतं पण सवय झाली की दोन सेकंद लागतात, आणि जीएमला प्रत्येक वेळी उलटं विचारावं लागत नाही. मग क्रम ठरलेला: फासे आणि सगळी बेरीज, क्रिट असेल तर दुप्पट, मग प्रत्येक भागाचा प्रकार, मग इम्युनिटी, मग वीकनेस, मग रेझिस्टन्स, आणि जे उरलं ते हिट पॉइंटमधून.

लढाई चालू असतानाच वहिनींना कुलूप दिसलं. आतल्या कोठीचं, ज्याच्यामागे दुष्काळातलं धान्य अजून तसंच भरलेलं होतं. कोठावळा इतका वेळ ज्या भिंतीला पाठ लावून लढत होता ती तीच भिंत. "हे कुलूप भुताचं आहे का लोखंडाचं?" त्यांनी विचारलं. लोखंडाचं, मी म्हटलं, हार्डनेस ५, हिट पॉइंट २०. त्यांनी पिशवीतून अल्केमिस्ट्स फायरची पहिली बाटली काढली. १३, त्यातले ५ गेले, ८. दुसरी, १२, म्हणजे ७. तोपर्यंत मैत्रिणीची क्लेरिक पाण्याची घागर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती, धान्याला आग लागू नये म्हणून. तिसरी बाटली. वहिनींनी फासे दोन्ही हातांत धरून जरा जास्तच वेळ हलवले. ९, आणि स्प्लॅशचे २. पाच वजा, ६.

आठ, सात, सहा, एकवीस. कुलूप गळून पडलं, दार उघडलं, ज्वारी उंबऱ्यावरून बाहेर सांडली, आणि कोठावळ्याने हात खाली घेतले.